नानायला विचारलं कोणी?

सिस्टर लिओनिला नुफाब्ले कंबोडियात आली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता डोक्यावरच्या कापडाखालून जेवढे दिसत तेवढे सगळे पांढरे झाले होते. मधल्या वीसेक वर्षांत घरचं कुणी तिला भेटायला आलं नव्हतं. तिची तक्रार नव्हती. तिचं गाव मियागाओ, फिलिपीन्समधल्या पनाय बेटावर, समुद्राच्या काठाला. तिथून इथं यायचं तर दोन विमानं बदला आणि वर दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्या. शिवाय इथं येऊन बघायचं तरी काय? बात्तंबांग शहराबाहेर, सांके नदीच्या काठी, खांबांवर उभं असलेलं एक लाकडी घर आणि त्यामागं पत्र्याची लांबलचक पडवी. तिथं डझनभर म्हातारी माणसं राहत. बहुतेकांची मुलं सीमा ओलांडून थायलंडात बांधकामावर नाहीतर मासळीच्या बोटींवर गेलेली. काही फोन करत, काही तेवढंही करत नसत.

म्हणून धाकट्या भावाचा, एपिफानिओचा, फोन आला तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

"मानांग, आम्ही येतोय," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला त्यांच्याकडे मानांगच म्हणतात, आणि आईला नानाय. "मी, मर्ली आणि नानाय."

"नानाय? अरे, तिला एवढा प्रवास झेपणार आहे का?"

"झेपेल गं. सारखी तुझं नाव काढते. मरायच्या आधी निलाला एकदा बघायचंय म्हणते."

फोन ठेवल्यावर सिस्टर लिओनिला तशीच स्वयंपाकघरात गेली आणि राथाच्या गळ्यात पडली. राथा ही तिथली स्वयंपाकीण, चाळिशीची, दणकट बाई. या घरात सिस्टरच्या खालोखाल तिचाच शब्द चालायचा. "माझी आई येतेय!" सिस्टर म्हणाली. राथाने हातातला सुरा बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "दात आहेत का त्यांना? म्हणजे मांस कसं शिजवायचं ते ठरवते."

पंधरवडाभर दोघींना दुसरं काही सुचलं नाही. नदीकडच्या खोलीला चुना लावला. चर्चमधून एक गादी मागून आणली, मच्छरदाणीची भोकं शिवली. न्हाणीघरात धरायला बांबूचा आडवा दांडा ठोकून घेतला. नानाय चौऱ्याऐंशीची होती, काठीने चालायची. पडवीतल्या म्हाताऱ्यांनाही उत्साह आला होता. सगळ्यांत जुनी यीए सारोम (यीए म्हणजे आजी) रोज सकाळी विचारायची, "आली का तुझी आई?" आणि नाही म्हटलं की स्वतःचीच फसवणूक झाल्यासारखी तोंड फिरवायची.

नानाय आली ती डाव्या हातात काठी धरून आणि उजव्या हाताने लेकीचा चेहरा चाचपत. "वाळलीस गं," एवढंच म्हणाली, आणि तिथं दारातच दोघी किती तरी वेळ रडल्या. एपिफानिओ सामान उतरवत होता. बॅगा बऱ्याच होत्या. त्यातली सगळ्यांत मोठी नानायची होती, हे सिस्टरने पाहिलं. पण त्या घटकेला तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हातारी माणसं उशीसुद्धा बरोबर घेऊन निघतात, हे तिला ठाऊक होतं.

पाहुणे आले की घराची घडी विस्कटायचीच, हे ती धरून चालली होती. पण मर्लीचं वागणं पहिल्याच दिवसापासून तिला खुपायला लागलं. मर्ली तिची भावजय, बोलायला गोड, हाताला तशी कामसू. पण इथं आल्यावर तिच्यात काय संचारलं कोण जाणे. सकाळी तिने मळके कपडे उचलून सरळ राथाच्या हातात दिले. जेवायला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडापुढे फोन धरून फोटो काढले. दात नसलेला ता हुआन (ता म्हणजे आजोबा) हा वयस्क माणूस, एके काळचा शाळामास्तर. चमच्याने पेज खाताना त्याच्या हनुवटीवरून ओघळ आला, तेवढा तिने टिपला, नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या सेवेचे दिवस.'

"ते काढून टाक," सिस्टर म्हणाली.

"अहो मानांग, लोकांना कळू दे ना तुम्ही केवढं काम करता! खाली बघा किती जणांनी हात जोडलेत."

"त्यांनी तुला हात जोडलेत, मर्ली. ता हुआनला कुणी विचारलंय का, तुझी लाळ गळताना गावाला दाखवू का म्हणून? काढ."

मर्लीने काढलं, पण गाल फुगवूनच. एपिफानिओ पंख्याखाली पाय पसरून बसला होता. "मानांग, तू किनई इथं राहून फार कडक झालीस," तो हसत म्हणाला. "आम्ही पाहुणे आहोत. जरा लाड कर आमचे."

लाड करायची तिची तयारी होती. ते करून घ्यायला मात्र कुणी थांबलंच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको कपडे करून गाडीपाशी उभे. अंगकोरची देवळं बघून येतो म्हणाले.

"आणि नानाय?"

"तिला कुठं पायऱ्या चढवणार? राहील तुझ्यापाशी. तुझ्याचसाठी तर आणलीय तिला!" एपिफानिओ म्हणाला, आणि गाडीचं दार लागलं.

जाणार आहोत हे त्यांनी आदल्या दिवशी नानायलाही सांगितलेलं नव्हतं. म्हातारी पायरीवर बसून गाडीच्या धुळीकडे बघत राहिली. "कुठं गेला हा?" तिने विचारलं. सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली होती. तरी तिने आवाज सांभाळला. "फिरायला गेलेत, नानाय. येतील." ती आईशेजारी टेकली. मनात आलं, आई मला एकटीला मिळावी म्हणूनच गेली असतील बिचारी. स्वतःच्या माणसांबद्दल आपण असं चांगलं चांगलं शोधून काढतोच.

ते दिवस मात्र फार सुखाचे गेले. नानायने सगळा जन्म हातमागावर काढलेला. नवरा तरणाताठा समुद्रात गेला, त्यानंतर त्या मागावरच तिने दोन मुलं वाढवली. इकडे यीए सारोमही पूर्वी गावात रेशमी कापड विणायची. एकीला दुसरीची भाषा ओ की ठो कळत नव्हती. तरी दोघी पडवीत मांडीला मांडी लावून बसत, एकमेकींच्या अंगावरचं वस्त्र उलटंपालटं करून बघत, आणि नापसंतीने माना हलवत. सारोम विडा लावून द्यायची, नानाय तो गालात धरून तिच्या स्वतःच्या भाषेत सांगायची, "चुना जास्त झालाय, बाई." सारोम तिच्या भाषेत उत्तर द्यायची. राथा भाजी चिरता चिरता ते ऐकायची आणि सिस्टरला म्हणायची, "यीए सारोम सांगतेय की तुमच्या आईला विडा खायचं वळण नाही." सिस्टर हसून हसून बेजार व्हायची.

पण संध्याकाळ झाली की नानाय उठून नदीकडे तोंड करून उभी राहायची. "इथं खारा वारा नाही," म्हणायची. आणि रोज झोपायच्या आधी विचारायची, "आपण घरी कधी जायचं?"

भाऊ-भावजय परत आले ते उन्हाने रापलेले आणि खूश. आल्या आल्या एपिफानिओने पहिली चौकशी आईची केली, पण ती 'कशी आहेस' अशी नव्हे. "रमली ना?" त्याने बहिणीला बाजूला घेऊन विचारलं. "रडली-बिडली नाही ना? खाते ना इथलं? त्या म्हातारीशी गट्टी जमली म्हणे, राथा खुणेने सांगत होती." आणि मग पडवीकडे बघत, विकत घ्यायच्या बैलाकडे बघावं तसं बघत, म्हणाला, "किती व्यवस्थित ठेवलंय गं तुम्ही सगळ्यांना. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर. आमच्याकडे पैसे मोजूनसुद्धा असं मिळत नाही."

सिस्टरला ते बोलणं कसंसंच वाटलं. पण का, ते तिच्या ध्यानात येईना.

ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी. नानायचा झगा भिजला होता, दुसरा हवा होता, म्हणून सिस्टरने ती मोठी बॅग उघडली. वर नेहमीचे कपडे. खाली पांघरूण. त्याखाली वडिलांची चौकटीतली तसबीर, दिवाणखान्यातली, जी वडील गेल्यापासून त्या खिळ्यावरून हलली नव्हती. आणि अगदी तळाशी, पातळ कागदात गुंडाळलेला, तपकिरी रंगाचा नवाकोरा झगा, पायमोजे, गळ्यात घालायचं कापडी तावीज आणि जपमाळ.

तिने तो झगा लगेच ओळखला. नानायने तो स्वतः विणला होता, स्वतः शिवला होता. मियागाओच्या म्हाताऱ्या बायका आपलं शेवटचं वस्त्र असं आधीच करून कपाटात ठेवतात. वर्षातून एकदा ऊन दाखवतात आणि पुन्हा ठेवून देतात. ते कुणी सहलीला घेऊन निघत नाही.

सिस्टर ते कापड हातात घेऊन तशीच खाली उतरली. मर्ली विहिरीपाशी केस धूत होती.

"ही बॅग कुणी भरली?"

मर्लीने ओल्या केसांतून वर पाहिलं. झगा दिसला आणि तिचा चेहरा पडला. "मानांग, तुम्ही ते... ते असू दे म्हटलं जवळ. म्हातारं माणूस, प्रवासाचं काय सांगता येतं—"

"आणि तसबीर? तीही प्रवासात मरणार होती का?"

साबणाचं पाणी मर्लीच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, ते ती पुसेना. मग एकदम काठावर बसली आणि रडायलाच लागली. "मी ह्यांना सांगितलं होतं, मानांगना आधी फोनवर सांगा. रोज सांगत होते. हे म्हणायचे, तिथं जाऊन सांगू, बघितल्यावर ती नाही म्हणणार नाही. आमचे कॅनडाचे कागद झालेत, मानांग. धाकट्या मुलीला तिकडे दुसरं मूल झालंय, तिला रात्रपाळी असते, सांभाळायला कुणी नाही. कायमचं जातोय आम्ही. नानायला तिकडे नेता येत नाही. मग हे म्हणाले, मानांगचं कामच ते आहे."

"आणि ते देवळं बघायला गेलात ते?"

"नानाय तुमच्यापाशी राहते का, ते बघायला," मर्ली हलकेच म्हणाली.

सिस्टर लिओनिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांत तिच्या दाराशी किती तरी लोक किती तरी बहाणे करून आपली म्हातारी माणसं सोडून गेले होते. 'तपासणीला आणलंय', 'दोन दिवस ठेवा', 'बाजारातून येतोच'. त्यांचा तिने मनातल्या मनात उद्धार केला होता आणि त्यांची माणसं सांभाळली होती. ती सगळी परकी, गांजलेली, पोटासाठी वणवण करणारी माणसं होती. आपला सख्खा भाऊ विमानाचं तिकीट काढून तेच करायला आलाय, हे तिच्या पचनी पडेना.

एपिफानिओ घराखाली, खांबांच्या सावलीत झोळीवर पडला होता. तिने झोळीची दोरी धरून त्याला उठवूनच बसवलं.

"तू नानायला इथं टाकून जाणार होतास?"

त्याने मागे उभ्या असलेल्या मर्लीकडे पाहिलं, तिचे डोळे पाहिले, आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही हे त्याला कळलं. "टाकून काय म्हणतेस? मुलीपाशी ठेवून जाणार होतो."

"कधी सांगणार होतास? विमानतळावरून?"

"आज संध्याकाळी सांगणार होतो. खरंच." मग त्याचाही आवाज चढला. "आणि सांगायला इतकं भ्यायला का लागतं माहितेय? कारण तू अशी अंगावर येतेस. एवढी वर्षं कोण बघतंय तिच्याकडे? तिच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा खांद्यावर घालून कुणी नेलं? मी. तिची नखं कोण कापतं, तिला अंघोळ कोण घालतं? मर्ली. तू काय करायचीस? फोनवर म्हणायचीस, 'प्रार्थना करतेय.' जगातल्या आयांची सेवा तू करायचीस आणि आपल्या आईची आम्ही! आता तुझी पाळी आली तर लगेच टाकून जातोस म्हणे!"

ते तिला लागलं. लागणारच होतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. पण राग ओसरला नाही. उलट नेमका झाला.

"माझी पाळी आहे, मान्य," ती म्हणाली. "हे सगळं तू मला फोनवर सांगितलं असतंस तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तिकडे आले असते. वरिष्ठांच्या पाया पडले असते. पण तू मला सांगितलं नाहीस. मर्लीला गप्प बसवलंस. आणि त्या बाईला, जिने तुला स्वतःच्या दोन हातांनी वाढवलं, तिला तू 'निलाला भेटायला चल' म्हणून लाडीगोडी लावून आणलंस, आणि तिच्या बॅगेत तिचं मढ्यावरचं वस्त्र भरलंस! लाज वाटली नाही, पान्यो? ते कपाटातून काढताना हात नाही थरथरला?"

"ते मीच भरलं," मर्ली मागून म्हणाली. "नंतर पाठवणार कसं, असं वाटलं."

तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्यांवर काठी आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अशी जोरात की वरून धूळ पडली. त्या घराची जमीन म्हणजे फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या. खाली कुजबुजलेलंसुद्धा वर ऐकू जायचं. आणि ही सगळी तर ओरडत होती.

"वर या," नानायचा आवाज आला. "तिघंही."

नानाय खाटेवर ताठ बसली होती. रडलेली नव्हती. गालांचे दोन्ही उंचवटे लाल झाले होते, आणि काठी तिने दोन्ही हातांनी बंदुकीसारखी आडवी धरली होती.

"कॅनडाला चाललास?"

"नानाय, मी तुला—"

"हो का नाही?"

"हो."

"मग जा की! पोरगी तिथं, नातवंडं तिथं. मी अडवलं असतं तुला? मी काय दगड आहे?"

"तू रडली असतीस, नानाय."

"मग रडले असते!" म्हातारी कडाडली. "रडायला मला येत नाही का? तुझा बाप बुडाला तेव्हा रडले. ही पोर नन व्हायला गेली तेव्हा महिनाभर रडले, कुणाला दिसू दिलं नाही. आई रडेल म्हणून तिला परमुलखात ठेवून पळून जायचं? ज्या घराचा एक एक खांब मी मागावर बसून उभा केला, त्या घरात भिंतीला रंग कुठला द्यायचा तेसुद्धा तू मला विचारत होतास. आणि मी मरायचं कुठं, ते तू न विचारता ठरवलंस?"

एपिफानिओ पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. तो खाटेच्या पायथ्याशी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सिस्टरला वाटलं, आता आपण पुढं व्हावं. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"नानाय, तू काळजी करू नकोस. तू इथंच राहा माझ्यापाशी. मी बघेन तुला. अगदी शेवटपर्यंत."

नानायने तो हात झटकला.

"तूही त्यातलीच," ती म्हणाली. "तू तरी कुठं विचारलंस? तूही सांगितलंसच."

स्वयंपाकघराच्या दारात राथा आली होती. तिला भाषा कळत नव्हती. पण सिस्टरला कुणीतरी खडसावतंय हे तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि ती दाराची चौकट धरून तिथंच खिळली.

"बरं," सिस्टर शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "नानाय, तुला काय हवंय?"

"आधी कॉफी हवीय. तुम्हाला हे ठरवायला किती महिने लागले कुणास ठाऊक. मला निदान एक दुपार तरी लागेल."

ती दुपार तिने यीए सारोमशेजारी बसून काढली. सारोमने काय ओळखलं, ते तिलाच माहीत. पण तिने त्या दिवशी बडबड केली नाही, विडे तेवढे लावून देत राहिली.

संध्याकाळी नानायने सगळ्यांना बोलावलं. "मी घरी जाणार," ती म्हणाली. "समोरच्या गल्लीतली साल्वासिओन विधवा आहे, माझ्याबरोबर मागावर बसायची. एकटीच असते, आणि तिच्या घराचं छप्पर गळतं. ती माझ्याकडे राहायला येईल. दोन वर्षांपूर्वीच मला म्हणाली होती. पान्योला आवडणार नाही म्हणून मी बोलले नव्हते. काही झालं तर शेजारी आहेत. आणि काही झालंच तर झालं. ते माझ्या घरात होईल." मग तिने मुलाकडे पाहिलं. "घर कुणाला दिलंयस?"

एपिफानिओने मान वर केली नाही. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी खोल्या चालवणाऱ्या एका माणसाला ते भाड्याने द्यायचं तोंडी ठरवलं होतं, हे त्याच्या तोंडून हळूहळू बाहेर आलं. मर्लीलाही ते ठाऊक नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"त्याला फोन कर," नानाय म्हणाली. "आत्ता. इथं, माझ्यासमोर."

त्याने केला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. एपिफानिओ घामाघूम होऊन "हो, चूक झाली... नाही, आई आहे ना, आई राहणार आहे तिथं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. फोन संपेपर्यंत नानायने डोळ्याला डोळा भिडवून ठेवला होता.

सिस्टर लिओनिलाने राजधानीतल्या वरिष्ठ सिस्टरला सगळं सांगितलं आणि रजा मागितली. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं; मिळाली. पडवीतल्या माणसांना राथाच्या आणि राजधानीतून पाठवलेल्या एका धाकट्या सिस्टरच्या हवाली करून ती आईबरोबर निघाली. निघताना यीए सारोमने नानायच्या खांद्यावर स्वतःचं जुनं रेशमी उपरणं घातलं आणि काहीतरी म्हणाली. "काय म्हणतेय?" नानायने विचारलं. "म्हणतेय, वीण बघा, आणि शिका," सिस्टरने सांगितलं. नानाय गाडी नदीच्या पुलावर येईपर्यंत हसत होती.

मियागाओत सिस्टर दोन-अडीच महिने राहिली. साल्वासिओन आपल्या दोन बकऱ्यांसकट राहायला आली. तसबीर तिच्या खिळ्यावर गेली. सिस्टर रोज आईला अंघोळ घालायची, नखं कापायची. एपिफानिओ कॅनडाला निघाला त्या दिवशी तिकडच्या रिवाजाप्रमाणे आईचा हात कपाळाला लावायला वाकला. नानायने हात दिला, पण लगेच सोडला नाही. "तिथं पोरीच्या घरात राहशील," ती म्हणाली. "तिने तुला विचारल्याशिवाय कुठं हलवलं, तर मला फोन कर." तो रडत गेला. सिस्टर दारात उभी होती. तिने त्याला मिठी मारली नाही. 'जपून जा' म्हणाली. तेवढंच तिला जमलं.

नानाय पुढं तीन वर्षं जगली आणि तिच्या घरात, साल्वासिओनशी पत्ते खेळता खेळता आडवी झाली ती उठलीच नाही; आठवड्याभरात गेली. सिस्टर शेवटच्या दोन दिवसांसाठी पोचली; एपिफानिओ पोचू शकला नाही. आता भावाबहिणीचं सणावाराला फोनवर बोलणं होतं. राग गेला का, असं कबुलीजबाब ऐकणाऱ्या फादरने तिला एकदा विचारलं. "माफ केलंय, फादर," ती म्हणाली. "राग आहे तो आहे." फादर म्हणाले, हे दोन्ही एकत्र राहत नाही. ती म्हणाली, "माझ्यात राहतंय."

बात्तंबांगच्या घरात मात्र तिने एक नवी शिस्त आणली. म्हातारं माणूस ठेवायला आणलं की ती आणणाऱ्याला फाटकातच थांबवते. परवाच एक जण सीमेकडून सासूला घेऊन आला. मोटारसायकलमागच्या गाडीत ती चटईवर बसली होती. तो गडी सिस्टरच्या कानाशी लागला, "सिस्टर, तिला वाटतंय डोळे तपासायला आणलंय. तुम्ही जरा आत घ्या, मी हळूच निघतो."

"आधी तिला सांग," सिस्टर मोठ्याने म्हणाली.

"सिस्टर, ती ओरडेल हो."

"ओरडू दे. मी इथंच उभी आहे."

तो डोकं खाजवत राहिला. सिस्टर हलेना, फाटक उघडेना. राथाही बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी तो गाडीपाशी उकिडवा बसला आणि सासूच्या पायांकडे बघत बोलायला लागला, की आम्ही दोघंही थायलंडला चाललोय, घर बंद होणार. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "आणि माझ्या कोंबड्या?" तिने विचारलं. "त्यांचं काय ठरवलंस?"

त्याने कोंबड्यांचं काहीच ठरवलं नव्हतं. त्या दिवशी ती राहिली नाही. जावयाला गाडी वळवायला लावून घरी गेली. महिन्याभराने आली ती स्वतःहून, शेजाऱ्याच्या गाडीतून, मांडीवर कोंबड्यांची पाटी घेऊन. गाडीतूनच तिने राथाला आधी विचारलं, इथं मुंगसं आहेत का.